हिरड्याची गोष्ट लिहिताना

मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली, महादेव कोळी. पुण्यात शिकत असताना एका लेखन शिबिरात कथेसाठी विषय मिळाला: आपली ओळख आणि आपला निसर्ग. माझा पहिला खर्डा वाचून एका जाणत्या माणसाने विचारलं, "यात आदिवासी कुठे दिसतात? नाच नाही, देव नाही."

मला ते फार लागलं. आमच्याकडे वाघबारस होते, वाघोबाला नैवेद्य जातो. पण तो सण दिवाळीच्या तोंडावरचा आणि माझी गोष्ट उन्हाळा सरतानाची. ओळख पटवून देण्यासाठी सण ओढून आणायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

उन्हाळा आमच्याकडे हिरड्याचा. भात घरात खायला. हातात रोकड येते ती बाळहिरड्याची, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांची. गडीमाणूस झाडावर चढून फांद्या झोडतो, बायापोरं खाली वेचतात, मग कातळावर नाहीतर अंगणात वाळवण. हिरवी फळं वाळून काळी, टणक होतात. वेचणाऱ्यांची बोटंही काळी पडतात, साबणाने जात नाहीत. मध्येच वळीव आला की मालाला बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो. आमचं जंगलाशी नातं असं आहे, कष्टाचं आणि हिशेबाचं. ते गोष्टीत यायलाच हवं होतं.

कथा 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतरची. त्या वादळात आमच्या भागातली हिरड्याची झाडं उन्मळली. माझी नायिका पंचनाम्याला आलेल्यांना झाडं दाखवत फिरते आणि 'हिरडा निकषात बसत नाही' हे उत्तर घेऊन घरी येते. सुट्टीत आज्जीला वाचून दाखवलं. वादळाचं वर्णन संपेस्तोवर ती गप्प होती. मग म्हणाली, "वादळ समद्यांनी पाह्यलं, बाय. त्ये झाड कुणाचं व्हतं, त्ये सांग."

तिथून गोष्ट हलली. झाड आजोबाचं केलं, दोन भावांत वाटून घेतलेलं, त्यावरून अबोला धरलेलं. आता ते पडल्यावर दोन्ही घरं एकाच खोडापाशी येतात. संवाद बोलीत ठेवले आणि शेवटी शब्दार्थ द्यायला नकार दिला. शिबिरातल्या मुलींना कळलं, मग बाकीच्यांनाही कळेल. कथा तशीच स्वीकारली गेली.

आता आमच्याच तालुक्यातल्या माळीण गावावर लिही, असं बरेच जण सांगतात. 30 जुलै 2014 च्या सकाळी तिथे डोंगर घसरला आणि 151 माणसं गेली. पडकई, म्हणजे उतारावर भातखाचरं काढणं, याला तेव्हा दोष दिला गेला. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी मिळून हाताने केलेली पडकई आणि यंत्र लावून पोखरलेला डोंगर यांत फरक आहे, हे मला कथेतून मांडायचंय. पण ज्यांची माणसं गेली त्यांना विचारल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. आज्जीने ओळखीच्या एका घरी विषय काढलाय. भातकापणी झाली की ये, म्हणालेत.