साताऱ्यात चित्रं लावायची म्हणजे

मी जलरंगात काम करते आणि त्यावरच माझं घर चालतं, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या क्लासवर आणि पोर्ट्रेटच्या ऑर्डरींवर निघतं. वर्षश्राद्धाच्या आत हवं असतं, हातात असतो आधारकार्डावरचा फोटो, आणि वर मागणी, ‘नानांना जरा हसरे करा.’ करते. नानांना हसवून झालं की स्वतःची चित्रं. ती पुरेशी साठली की गावातच हॉल घेऊन प्रदर्शन भरवते. जहांगीरमध्ये नंबर लागायला वर्षं जातात, आणि चित्रं मुंबईला नेऊन आठवडाभर तिथं राहायचं म्हणजे वेगळाच खर्च. साताऱ्यात बघायला येणारे बहुतेक जण ओळखीचे असतात. हाच फायदा, आणि घासाघीस सुरू झाली की हाच तोटा.

हॉल मी डिसेंबर-जानेवारीतलाच बघते. त्याला कारण कागद. पावसाळ्यात इथली हवा अशी ओली की 300 जीएसएमचा जाड कॉटन कागदसुद्धा मऊ पडतो, वॉश म्हणजे पातळ रंगाचा हात सुकता सुकत नाही. रंगवायला मला ते आवडतं. ढगात अर्धा बुडालेला अजिंक्यतारा जुलैतच जमतो, ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात नाही. पण त्या दिवसांत फ्रेम करायची नाही म्हणजे नाही. दमट कागद काचेआड कोंडला की बुरशीचे तपकिरी ठिपके उठतात, ते मग काही केल्या जात नाहीत. म्हणून दसऱ्यापर्यंत सगळी चित्रं बटर पेपरमध्ये घालून सपाट ठेवते. अन् दसरा झाला, की फ्रेमवाल्या काकांच्या दुकानात देवांच्या तसबिरी आणि लग्नाच्या फोटोंची थप्पी लागलेली असते. तिथं माझा नंबर लागायला आधीपासून मागे लागावं लागतं.

काकांशी माझं कायमचं भांडण माउंटवरून, म्हणजे चित्राभोवती काचेखाली बसवतात त्या पुठ्ठ्याच्या चौकटीवरून. साधा माउंट बोर्ड स्वस्त पडतो, पण त्यातल्या आम्लानं काही वर्षांत कापाची तिरकी कड पिवळी पडते आणि तो पिवळेपणा खाली चित्रात उतरतो. मी पुण्याहून अ‍ॅसिड-फ्री बोर्ड आणून देते. काका दोन्ही बोर्ड उजेडात धरून म्हणाले, ‘ताई, ह्यो बी पांढरा, त्यो बी पांढरा. गिऱ्हाइकाला काय कळतंय?’ मग एक जुनं चित्र त्यांच्यासमोरच फ्रेममधून काढलं. माउंट उचलला, तर कागदावर चौकोनी रेघ उमटलेली, कपाखाली चहाचा डाग राहतो तशी. काकांनी नखानं खरवडून पाहिली आणि दुसरं काही न बोलता माझा बोर्ड कापायला घेतला. माउंटचं दुसरं काम म्हणजे काच चित्रापासून वर उचलून धरणं. काच कागदाला टेकली की पहिल्याच पावसाळ्यात चित्र तिला चिकटतं. आणि फोटो काढायचे ते काच बसायच्या आधी, सावलीत. नंतर काढले तर चित्रात आपलाच चेहरा दिसतो.

कोणती लावायची हे ठरवण्याआधी मी औंधला जाऊन येते. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभं केलेलं ते संग्रहालय आपल्या जिल्ह्यात आहे, आणि साताऱ्यातल्या कितीतरी लोकांनी ते अजून पाहिलेलं नाही. राजा रविवर्मांची चित्रं तिथं आहेत, हेन्री मूरचं एक शिल्पही आहे. तिथं तासभर काढून घरी आलं की आपली कोणती चित्रं नुसती गोड झालीत ते लगेच दिसतं.

या वेळी मेणवलीच्या कृष्णाकाठच्या घाटाची चित्रं कमी केली, एकच ठेवलं. महाराष्ट्रातला जो तो जलरंगवाला त्या घाटावर बसून आलाय. त्याऐवजी संगम माहुलीची देवळं आणि लिंबची बारा मोटांची विहीर जास्त घेतली. विहिरीच्या आतला काळा दगड काढताना नळीतला काळा रंग मी वापरत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळते. निळा वाढवला की ओलीतला थंड दगड, सिएना वाढवला की ऊन लागलेला. उन्हाचा पट्टा म्हणून कोरा कागदच सोडायचा. तो एकदा रंगवला गेला की परत पांढरा होत नाही.

किमतीला मी चौरस इंचाचा हिशोब धरते. इंचाला 25 रुपये, म्हणजे 15 बाय 22 चं चित्र 8250 रुपयांना, फ्रेम वेगळी. पुण्यात गॅलरी कमिशन कापते, साताऱ्यात तसं नाही, म्हणून इथं स्वस्त द्यायचं का? मी देत नाही. पुण्यात पूर्ण पैसे मोजून नेलेल्या माणसाला गावातला भाव कळला तर तो पुन्हा कशाला येईल? ‘घरचेच आहोत’ म्हणणाऱ्यांना हप्ते करून देते, कमी करत नाही. यावरून एक आत्या रुसल्या आहेत.

हॉलमध्ये चित्रं लावणं हा खरा डोक्याला ताप. भिंतीवर खिळा मारायचा नाही ही अट, म्हणून वरच्या पट्टीवरून नायलॉनच्या दोऱ्यांनी चित्रं सोडायची आणि मध्यबिंदू जमिनीपासून साधारण पाच फुटांवर आणायचा. ट्यूबलाइट निळसर, त्यात माझे पिवळे मरतात. पिवळसर एलईडी दिवे घरून नेले. खिडक्यांसमोरच्या भिंतीवर गडद चित्रं लावली की काचेत नुसत्या खिडक्याच दिसतात. त्यामुळे विहीर आतल्या भिंतीवर गेली, आणि माहुलीचं फिकट पहाटेचं चित्र खिडकीसमोर.

उद्घाटन, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, हे झालं. विक्री झाली ती बहुतेक शेवटच्या दोन संध्याकाळी. ‘हे आमच्या आजोळचं’ म्हणत एका आजोबांनी माहुली घेतली. मोठी विहीर मात्र राहिली. ‘आमच्या घरी हॉलमध्ये काळं दिसेल,’ असं तिघीचौघींनी सांगितलं. आलेल्या पैशांत हॉलचं भाडं फिटलं, कागद-रंगांचे निघाले, फ्रेमांचं बिल थोडं उरलं. काका हिशोबाला आले तेव्हा त्यांनीच विचारलं, ‘ती हीर किती म्हनला?’ उरलेलं बिल वजा करून वरचे पैसे ते तीन हप्त्यांत देणार आहेत. एक हप्ता आला.