आईचं माहेरचं नाव

नाशिकच्या आपल्या शाळेच्या अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत द्या असा मेसेज आपल्या बॅचच्या ग्रुपवर आला, त्यात लिहिलं होतं की शाळेने काय दिलं आणि आज आपण काय करतो ते लिहा. दोन-तीन रात्री आठवत बसलो. स्नेहसंमेलन आठवलं, स्काऊटचा कॅम्प आठवला, एलिमेंटरीची परीक्षा आठवली, पण लिहायला बसलं की बाईच समोर येतात, दुसरं काही येतच नाही. मग म्हटलं बाईंवरच लिहू. त्यांचं नाव लिहीत नाही कारण त्यांनीच सांगितलंय की माझं नाव छापायचं नाही, आणि पाचवी ब च्या बाई म्हटल्यावर आपल्या काळातल्या कोणाला वेगळं सांगायची गरजही नाही.

मागच्या गेटची चिंच आठवते ना? शाळा सुटली की बाई तिथे उभ्या. हातात निळ्या पुठ्ठ्याची लांब वही. त्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेलं असायचं की याला न्यायला कोण येणार, आजोबा, रिक्षावाले काका, वाड्यातली ताई, किंवा मग नुसतं 'एकटा'. आज दुसरं कोणी येणार असेल तर सकाळी घरून चिठ्ठी आणायची, चिठ्ठी नाही तर जायचं नाही. एकदा माझे सख्खे काका सिन्नरहून काही कामाला आले होते, ते सहज पुतण्याला घेऊन जाऊ म्हणून शाळेत आले. मी 'काकाऽ' करत पळालो तरी बाईंनी सोडलं नाही. काकांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि शिपाई मामांना सायकलवर वडिलांच्या दुकानात पाठवलं विचारायला. पाऊण तास गेला. काका घरी येऊन इतके चिडले, म्हणाले मी काय पोरं पळवणारा दिसतो का. वडील काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी चिठ्ठी दिली, वहीत काकांचं नाव घालायला. पुढे काकांनाच मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिकडे तिच्या शाळेत जाऊन अशी वही ठेवायला लावली, हे मला काकूने सांगितलं.

पण मला लिहायचंय ते १९९१ च्या सिंहस्थाबद्दल, म्हणजे आपल्या कुंभमेळ्याबद्दल. आपण पाचवीत होतो, गावात तयारी सुरू झालेली, गंगेवर बॅरिकेड लागायला लागले होते. (आता बाहेरची माणसं गोदावरी म्हणतात, आपल्याला मात्र गंगाच.) बाईंनी एक दिवस भूगोलाचा तास बाजूला ठेवला आणि विचारलं, गर्दीत आईचा हात सुटला तर काय कराल? सगळे म्हणालो, 'आई आई' करून ओरडू. बाई म्हणाल्या, स्नानाला गंगेवर रामकुंडावर त्या दिवशी हजारो आया असतील, तुम्ही आई म्हणून ओरडलात तर सगळ्या वळून बघतील आणि तुमची आई समजेल दुसऱ्याच कुणाचं तरी पोर रडतंय. आईचं नाव घेऊन ओरडायचं. उद्या येताना प्रत्येकाने आईचं पूर्ण नाव विचारून यायचं.

आता हे वाचायला सोपं वाटतं, पण तेव्हा आमच्या तिवंध्यातल्या वाड्यात आईला तिच्या नावाने हाक मारणारं कोणीच नव्हतं. आजी 'सूनबाई' म्हणायची, वडील 'अगं ऐकलंस का', शेजारच्या काकू माझं नाव घेऊन 'अमक्याची आई' म्हणायच्या. मला तिचं नाव फक्त रेशनकार्डावर बघून माहीत होतं. रात्री ती भांडी घासत होती तेव्हा मी विचारलं, बाईंनी तुझं नाव विचारलंय. ती हात थांबवून म्हणाली, कुठलं नाव सांगू? मला कळेचना. मग तिने सांगितलं की लग्नात तिचं नाव बदललं, रेशनकार्डावर आहे ते सासरचं, माहेरचं वेगळंच होतं. मी दहा वर्षांचा झालो होतो आणि मला हे माहीतच नव्हतं. मी म्हटलं, गर्दीत मी हरवलो तर कुठल्या नावाने ओरडू? ती जरा वेळ तशीच बसली, हाताला राख लागलेली, आणि म्हणाली, माहेरच्याच नावाने ओरड रे, त्या नावाला मी झोपेत असले तरी ओ देईन.

दुसऱ्या दिवशी पटांगणात बाईंनी आम्हाला एकेकाला पायरीवर उभं करून ओरडायला लावलं. आईचं नाव एकेरीत, तेही मोठ्याने, सगळ्यांसमोर! पोरं लाजायची, काही पोरी तर रडायलाच लागल्या, आईचं नाव घेतलं तर पाप लागतं असं कोणीतरी घरी सांगितलेलं. बाईंनी कोणावर जबरदस्ती केली नाही. त्या स्वतः पायरीवर चढल्या आणि त्यांच्या आईचं नाव घेऊन अशी हाक मारली की पहिल्या मजल्यावरच्या वर्गातली मुलं खिडकीत आली. मग एकेक करत सगळे ओरडले. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी वहीत बघितलं आणि विचारलं, दोन नावं का लिहिलीत? मी आईने सांगितलेलं सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत, सासरच्या नावावर पेन्सिलीने कंस केला आणि म्हणाल्या, हं, मार हाक.

नंतर त्या आम्हाला दोघादोघांच्या रांगेत गंगेवर घेऊन गेल्या. हरवलं तर पळायचं नाही, जिथे लक्षात आलं तिथेच थांबायचं, कारण शोधणारा आधी तिथेच परत येतो. मदत मागायची तर पोलिसाला, दुकानात बसलेल्या माणसाला, नाहीतर लेकरं बरोबर असलेल्या बाईला. खाली काहीही पडलं, चप्पल, टोपी, पैसे, तरी गर्दीत वाकायचं नाही. ढकलाढकली झाली तर हात छातीपुढे धरायचे म्हणजे श्वासाला जागा राहते, आणि उलटं जायचं नाही, लोंढ्याबरोबर चालत चालत तिरकं कडेला निघायचं. आम्ही म्हटलं, बाई, सगळे गंगेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीपाशी भेटू. तर म्हणाल्या, अजिबात नाही, तो उभा कुठे आहे बघा, पाणी वाढलं की आधी त्याच्याच पायाशी येतं. खूण उंचावरची ठरवायची. नाशिकमध्ये पूर मोजायला आपण मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी असं म्हणतो, पण तिथे मुलाला उभं करू नये हे किती मोठ्या माणसांच्या लक्षात येतं सांगा.

आणि त्या सिंहस्थात मी हरवलो नाही, मला एक हरवलेला सापडला. भाजी पटांगणाजवळ तीन-चार वर्षांचा पोरगा, गळ्यात काळा दोरा, एकसारखं 'अम्मा अम्मा' करत होता. त्याला मराठी येईना, आईचं नाव तर नाहीच. एक गृहस्थ म्हणाले मी नेतो याला चौकीवर, कदाचित चांगलेच असतील, पण मला बाईंचं आठवलं, हरवलेल्याला हलवायचं नाही, मदत तिथे आणायची. मी त्याचा हात धरून तिथेच खाली बसलो आणि माझ्या बाकावरचा मित्र पोलिसाला आणायला पळाला. पोलीस आले, त्यांनी माईकवर सांगायला लावलं. मी खिशातली राजगिऱ्याची चिक्की त्याला दिली, निम्मी त्याने खाल्ली, निम्मी माझ्याच शर्टाला पुसली. बराच वेळ गेला आणि त्याची आई आली, केस मोकळे, पदर ओला, ती तेलुगूत काय काय बोलत होती आणि माझ्या गालावरून हात फिरवत होती. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने बाईंना सांगितलं तर त्यांनी फक्त एक विचारलं, त्याला हलवलं नाहीस ना? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, बस जागेवर. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं त्यांनी मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

पुढच्या सिंहस्थात, २७ ऑगस्ट २००३ ला, आपल्या गावात काय झालं ते मी नव्याने सांगायला नको. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. उधळलेली नाणी उचलायला लोक वाकले असं तेव्हा सगळीकडे ऐकलं. मी त्या दिवशी स्वयंसेवक म्हणून पंचवटीच्या बाजूला होतो, संध्याकाळी घरी आलो तर जेवण जाईना, सारखं डोक्यात की पैसे पडले तरी वाकायचं नाही हे बारा वर्षांपूर्वी आम्हाला पाचवीत कोणीतरी घाटावर नेऊन शिकवलं होतं. त्याच रात्री बाईंचा लँडलाईनवर फोन आला, सगळ्यांच्या घरी करत होत्या त्या, जुन्या वहीतली नावं बघून.

अजून एक, थोडक्यात लिहितो. आमच्या वर्गातल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत डबा खायचं बंद केलं होतं. आम्हाला वाटलं पोट बिघडलंय. बाईंनी आठवडाभर नुसतं बघितलं, मग त्याला वर्ग झाडायच्या पाळीला आपल्याबरोबर ठेवून घेतलं, विचारलं काहीच नाही, खडू वेचत बसल्या त्याच्याशेजारी. तिसऱ्या दिवशी तो बोलला. घरी येणाऱ्या एका ओळखीच्या मोठ्या माणसाबद्दल होतं. बाईंनी त्याला पहिलं वाक्य काय म्हटलं ते त्यानेच मला खूप वर्षांनी सांगितलं, 'तुझं काही चुकलेलं नाही आणि तू सांगितलंस ते मला खरं वाटतं.' मग त्या त्याच्या घरी गेल्या, एकदा नाही, चार वेळा, आणि त्या माणसाचं येणं बंद करूनच थांबल्या. पुढचं लिहीत नाही, ती गोष्ट त्याची आहे. तेव्हा १०९८ नव्हतं, मुलांसाठीची ती हेल्पलाईन १९९६ ला मुंबईत सुरू झाली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा तर २०१२ चा, आता असं काही कळलं तर पोलिसांना सांगणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. बाईंच्या हातात यातलं काहीच नव्हतं, फक्त कोण डबा खात नाही इकडे लक्ष होतं.

आज मी काय करतो ते पण विचारलंय म्हणून सांगतो. इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागात माझ्या सहा स्कूल व्हॅन आहेत. प्रत्येक गाडीत एक ताई असते, २०११ च्या स्कूल बसच्या नियमांआधीपासून माझ्याकडे होती, हे मी छाती ठोकून सांगतो. आणि प्रत्येक गाडीत निळी वही आहे. पालक म्हणतात दादा ॲप घ्या, ॲप पण आहे, पण वही आहेच. गाडी शेडला लागली की ड्रायव्हरने मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन सीटखाली बघायचं आणि मगच चावी काढून सही करायची, कारण झोपलेलं लहान मूल आरशात दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ ला गंगेला पूर आला, सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा मी परतीच्या गाड्या काढल्याच नाहीत, फोनवर फोन येत होते, काही पालक चिडले, पण मुलं शाळेतच बसवून ठेवली आणि खिचडी करून घातली. पाण्यातून गाडी काढायची नाही म्हणजे नाही.

वाईट एका गोष्टीचं वाटतं. तिवंध्यातला आमचा वाडा पडला, तिथे आता चार मजले आहेत. पूर्वी मी शाळेतून उशिरा आलो तर तीन ओट्यांवरून 'का रे, आज उशीर?' असं ऐकू यायचं, ते तेव्हा नकोसं व्हायचं. आता सोसायटीत कॅमेरे आठ आहेत पण दुसऱ्या मजल्यावरची मुलगी तासभर जिन्यात एकटी बसलेली असते, घरात कोणी नाही आणि किल्ली नाही, आणि माणसं मोबाईल बघत तिच्या बाजूने वर जातात. तिला पाणी हवंय का एवढं विचारायला काय लागतं? आमच्या गाडीच्या ताईने विचारलं म्हणून कळलं, आता तिची एक किल्ली खालच्या आजींकडे असते.

हा लेख लिहायच्या आधी मी बाईंकडे जाऊन आलो. गंगापूर रोडला मुलीकडे असतात, वय ८४, ऐकायला कमी येतं. पेढे ठेवले, नमस्कार केला, नाव सांगितलं तर ओळख पटेना. मी म्हटलं पाचवी ब, १९९१. त्यांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने आईचं नाव घेतलं. रेशनकार्डावरचं नाही, माहेरचं. आई जाऊन सहा वर्षं झाली, ते नाव घेणारं आता मामा सोडून कोणी उरलेलं नाही. मला काही बोलताच येईना. त्याच म्हणाल्या, २०२७ ला परत सिंहस्थ आहे, पोरांना शिकवतोस ना रे?

तर मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, पटांगण रविवारी सकाळी आठ ते दहा मिळेल, दिवाळीनंतरचा पहिला रविवार. आपापली मुलं, नातवंडं घेऊन या, येताना त्यांना आईचं नाव विचारून ठेवा, दोन असली तर दोन्ही. पायरी तीच आहे. वही मी आणतो.