शोलेनेनची खिंड आणि बाबांचा गुडघा

आठ दिवसांच्या स्वित्झर्लंडमधले सात दिवस मी इथे लिहिणार नाही. युंगफ्राऊ, ल्युसर्न, चॉकलेटं, डब्यातून ठेपले काढणारे आपलेच टूर ग्रुप... हे तुम्ही पाहिलेलं तरी असेल, नाहीतर कुणाच्या तरी स्टेटसवर सोसलेलं तरी.

अँडरमाटला आमची ठरवलेली गाडी आलीच नाही. मी फोनवर तणतणत होते, तर बाबा म्हणाले, "चल गं, चालत जाऊ. उतारच तर आहे." उतारच गुडघ्याला मारतो, हे अर्धा सह्याद्री पालथा घातलेल्या माणसाला मी काय सांगणार? बाबांना सत्तरावं लागलंय आणि उजवा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून कुरकुरतोय.

गाव संपेपर्यंत सगळं सपाट आणि हिरवं. मग डोंगर एकदम अंगावर येतो. हीच शोलेनेनची खिंड. रॉइस नदी ग्रॅनाइटच्या दोन भिंतींमध्ये घुसते आणि असा गोंगाट करते की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. त्यात मोटारसायकलवाल्यांची भर. पूर्वी इथे कड्याला साखळ्यांनी टांगलेल्या फळ्यांवरून माणसं आणि खेचरं जायची. १७०८ साली मोरेत्तिनी नावाच्या माणसाने कडाच फोडून ६४ मीटरचं भोक आरपार पाडलं, ते उर्नरलोख. आता ते रुंद करून त्यातून मोटारी सोडल्यात.

या भोकाच्या तोंडाशी २५ सप्टेंबर १७९९ रोजी रशियन फौज अडकली. पुढे फ्रेंच, मागे गोटहार्डचा घाट. सेनापती सुवोरोव्ह, वय जवळजवळ सत्तर.

"माझ्याएवढा?" बाबा थांबलेच.

मग त्यांना सगळं सांगावं लागलं, तेही ओरडून. सुवोरोव्ह इटलीतून सुमारे २१,००० माणसं घेऊन निघाला होता, झ्युरिकजवळच्या दुसऱ्या रशियन फौजेला मिळायला. सामानासाठी खेचरं देतो असं दोस्त ऑस्ट्रियनांनी कबूल केलं होतं; आल्प्सच्या दक्षिणेकडच्या टाव्हेर्ने गावाला पोचला तर एकही खेचर नाही. पाचेक दिवस वाट बघण्यात गेले, शेवटी कोसॅकांच्या, म्हणजे फौजेतल्या रशियन घोडेस्वारांच्या, घोड्यांवर ओझी लादली. (इथे माझा गाडीवाल्यावरचा राग जरा निवळला.) उर्नरलोखमधून समोरून जाणं म्हणजे मरण, म्हणून काही तुकड्या वरून कडा चढून गेल्या, काही रॉइसच्या त्या बर्फगार पाण्यातून पलीकडे. बाजूने घेरले जातोय म्हटल्यावर फ्रेंच मागे हटले, जाताना पुढच्या रॉइसवरच्या पुलाचा एक भाग तोडून. रशियनांनी जवळच्या खोपटाची लाकडं काढली आणि अधिकाऱ्यांनी कमरेचे शेले सोडून ती बांधली, असं सांगतात.

आम्ही ज्याच्यावर उभे होतो तो पूल मात्र तो नव्हे. तो १५९५चा, १८८८ साली कोसळला. पायांखालचा दगडी पूल १८३०चा आणि डोक्यावरचा मोटारींचा १९५८चा. पलीकडे कड्यात कोरलेला १२ मीटर उंच क्रूस आहे, खाली रशियन अक्षरं. आल्प्स ओलांडताना मेलेल्या सुवोरोव्हच्या माणसांसाठी, १८९८ साली केलेला.

बाबा बराच वेळ मान वर करून बघत होते. "गंमत आहे. पावनखिंड म्हण, उंबरखिंड म्हण, आपण खिंड अडवणाऱ्याच्या बाजूचे. इथे घुसणाऱ्याचं स्मारक."

मला खटकलं ते वेगळंच. फ्रेंच बाहेरचे, रशियनही बाहेरचे. त्याच वर्षी या दोन्ही फौजांना पोसून जे गाववाले उपाशी राहिले, त्यांच्या नावाने इथे मला तरी एक ओळ दिसली नाही.

"पण पोचला का तो झ्युरिकला?"

नाही. इथे शेले बांधणं चाललं होतं त्याच दिवशी तिकडे फ्रेंच सेनापती मासेनाने हल्ला चढवला आणि दोन दिवसांत ती दुसरी फौज उधळली. सुवोरोव्ह आल्टडॉर्फला उतरला तर पुढे तळं, काठाने रस्ता नाही, होड्या फ्रेंचांकडे. मग एकामागून एक घाट. शेवटचा पानिक्सरचा, ऑक्टोबरच्या बर्फातला. खाली पोचले ते १५-१६ हजार.

बाबा काही बोलले नाहीत. पुढचा गेशेनेनपर्यंतचा उतार ते माझ्या खांद्यावर हात टाकून, आडवी पावलं टाकत उतरले. मधे तीनदा बसले. तिन्ही वेळा कारण "नदी बघतो" हेच. स्टेशनवर दोन कॉफ्यांचे नऊ फ्रँक झाले, त्याचे रुपये त्यांनी मनातल्या मनात केले आणि कप अगदी तळापर्यंत संपवला.

मग गुडघ्याला मलम चोळता चोळता म्हणाले, "पाच दिवस आधी निघाला असता तर?"

"कसा निघणार? खेचरं नव्हती ना, बाबा."

"चालत," बाबा म्हणाले.