बारा तलवारी आणि आईच्या शेंगा

मागच्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस टीव्ही नाही, पेपर नाही, मोबाईल नाही. काळा गॉगल लावून ती गॅलरीत बसायची आणि दर पंधरा मिनिटांनी विचारायची, "अरे किती वाजले?" शेवटी मी वैतागून म्हटलं चल तुला गोष्ट सांगतो, आणि कपाटातून ती जुनी पुस्तकं काढली, फ्रेड सेबरहेगनची, बारा जादुई तलवारींची.

पहिला भाग मला कॉलेजला असताना मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळाला होता, वीस रुपयांना, मागचं कव्हर गायब. तिसरा मिळाला दोन वर्षांनी आणि दुसरा त्याच्याही नंतर, म्हणजे मी शेवट आधी वाचला आणि मधलं नंतर. माणूस अमेरिकन, १९३० चा जन्म, २००७ साली गेला. काही वर्षं एन्सायक्लोपिडिया ब्रिटानिकात संपादक होता आणि तलवारींच्या आधी त्याचं नाव झालं होतं ते माणसांच्या जिवावर उठलेल्या यंत्रांच्या गोष्टींमुळे. (सेबर म्हणजे पण तलवारच, आडनावातच बिचाऱ्याच्या लिहिलं होतं.) १९८३-८४ मध्ये मूळ तीन पुस्तकं आली, मग १९८६ ते १९९४ अजून आठ, एकेका तलवारीवर एकेक.

गोष्ट अशी की देवांना कंटाळा आलाय. म्हणून त्यांचा लोहार व्हल्कन आकाशातून पडलेल्या लोखंडाच्या बारा तलवारी घडवतो आणि त्या माणसांत सोडून द्यायच्या, मग बघू काय मजा होते, असा खेळ. मदतीला गावातले लोहार धरून आणतो आणि तलवारींना पाणी द्यायला त्यांचंच रक्त वापरतो. एकटा जॉर्ड वाचतो, त्याचा पण उजवा हात व्हल्कन काढून घेतो आणि मजुरी म्हणून एक तलवार हातात, म्हणजे उरलेल्या हातात, ठेवतो. ती घरात भिंतीला टांगलेली असते. काळी मूठ, त्यावर पांढरं चिन्ह, किल्ल्याच्या तटाचं.

इथे आईने विचारलं, "लोहाराला तलवार देऊन काय उपयोग, हात काढून घेतल्यावर?" मी म्हटलं तोच तर जोक आहे देवाचा.

त्या तलवारीचं नाव टाउनसेव्हर. गावावर हल्ला झाला की निःशस्त्र लोकांना ती वाचवते, धरणाऱ्याला मात्र वाचवत नाही, आणि लढाई संपेपर्यंत तिला सोडताही येत नाही. हल्ला होतो, जॉर्डचा मोठा पोरगा केन ती उचलतो, गाव वाचतं, केन मरतो. धाकटा मार्क, बारा-तेरा वर्षांचा, त्याच गडबडीत बाण मारून ड्यूकच्या नातेवाईकाला उडवतो आणि मग तलवार घेऊन पळत सुटतो. तिथून पुढे सगळं रामायण.

आता मला यात काय आवडतं ते सांगतो. जादूच्या तलवारी ढिगाने आहेत जगात, पण बहुतेक ठिकाणी तलवार म्हणजे नुसती जास्त धारदार तलवार, हिरोच्या हातात दिली की विषय संपला. सेबरहेगन प्रत्येक तलवारीला एक अट लावतो, आणि खरी गोष्ट त्या अटीत असते. नशीब देणारी आहे, पण ती स्वतःच्या मर्जीने एक दिवस गायब होते. वाट दाखवणारी आहे, पण नेते ती सगळ्यात धोक्याच्या रस्त्याने. शील्डब्रेकरपुढे कुठलंही हत्यार टिकत नाही, बाकीच्या तलवारीसुद्धा तिच्यावर आपटल्या की तुकडे, फक्त समोरचा रिकाम्या हाताने अंगावर आला तर धरणारा गेलाच. म्हणजे सगळ्यात भारी हत्याराला उत्तर काय, तर नुसती कुस्ती!

आईला हे सांगितल्यावर ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "म्हणजे कर्णाची वासवी शक्तीच की, एकदाच चालणार, अर्जुनासाठी ठेवली आणि घटोत्कचावर घालवली." बरोब्बर. मी वीस-पंचवीस वर्षं ही पुस्तकं वाचतोय आणि मला एकदाही हे सुचलं नाही. आपल्याकडे फुकट वरदान मिळालंय कुणाला? हिरण्यकश्यपू असो नाहीतर भस्मासुर, बारीक अक्षरातली अटच शेवटी नडते. म्हणूनच बहुतेक फाउंटनच्या उन्हात उभं राहून पहिली चाळीस पानं वाचताना मला ते परकं वाटलं नव्हतं.

माझी सगळ्यात लाडकी (म्हणजे सगळ्यात भीतीदायक) फार्सलेअर. मुठीवर गोलात गोल, नेमबाजीच्या बोर्डासारखे. शत्रूचं नाव घ्यायचं, तलवार सोडायची, तो जगात कुठेही असो, छातीत घुसणार. अट एवढीच की ती परत येत नाही, तिथेच राहते. म्हणजे ज्याला मारलं त्याच्या घरच्यांसमोर, मेलेल्या माणसाच्या अंगात, आणि घरच्यांना साधारण माहीतच असतं कुणी पाठवली असेल ते. १९८९ च्या पुस्तकात नदीकाठच्या दोन घराण्यांचं पिढीजात वैर आहे, आणि एका रात्रीत ती तलवार इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहते, दरवेळी एक माणूस कमी. कुणीतरी ती उपसून नदीत फेकून द्यावी ना, पण समोर भाऊ पडलाय, हातात ती तलवार आलीय, कोण फेकेल? ते पान मी आईला दोनदा वाचून दाखवलं, मराठी करत करत. बांधावरून भांडणारे आमचे दोन चुलते तिला आठवले असणार, कारण ती बराच वेळ काही बोललीच नाही.

तिसऱ्या पुस्तकातली लढाई पण जबरदस्त आहे. विल्काटा नावाच्या आंधळ्या राजाकडे अशी तलवार की बघणारा प्रत्येकजण त्याचा भक्त होतो, आणि समोरून राणी यांबू सोलकटर उपसते, जिच्या मुठीवर काहीच चिन्ह नाही. ती बाहेर आली की आसपासच्या सगळ्यांची जगायचीच इच्छा जाते, उपसणाऱ्याची सुद्धा. भक्ती विरुद्ध निराशा. वाचताना पोटात कसंतरी होतं.

बाकी सगळं गोड आहे असं नाही. बायका बऱ्याचदा नावापुरत्या, नंतरच्या आठांतली काही पुस्तकं सरळ पाट्या टाकल्यासारखी, आणि देव इतके पोरकट की त्यांची दया पण येत नाही. चालायचंच.

आठव्या दिवशी गॉगल निघाला तेव्हा मी आईला विचारलं, बारातली कुठली घेशील? मला वाटलं जखमा बऱ्या करणारी म्हणेल, अंगातून आरपार जाते पण लागत नाही अशी एक आहे. तिने सेकंदभर पण विचार केला नाही.

"ती दगड कापणारी. आप्पांनी विहिरीला दोन वर्षं सुरुंग लावले होते, तेव्हा कुठे होता रे तुझा हा लोहार?"