आधार किती द्यायचा

मंगळवार, रात्री साडेदहा

आज फिजिओथेरपीच्या वेळी आजींना डोळे मिटून उभं केलं. पाठीमागे भिंतींचा कोपरा, पुढे खुर्चीची पाठ, कमरेला पट्टा आणि पट्ट्यावर माझा हात. दोन्ही पाय जवळ. डोळे उघडे होते तोवर आजी छान उभ्या होत्या, माझ्याशी सुनेच्या आमटीबद्दल बोलत होत्या. "आता मिटा" म्हटलं आणि मी त्यांच्या पावलांकडे पाहत राहिले. बोटं फरशीत रुतवल्यासारखी वळली, पावलावरच्या कंडरा ताठ वर आल्या, घोटा आत-बाहेर थरथरायला लागला आणि बघता बघता डावा खांदा भिंतीला टेकला. "सोडू नकोस गं पोरी," त्या म्हणाल्या. मी सोडलेलं नव्हतंच.

शरीराला आपण कुठे आहोत हे तीन वाटांनी कळतं: डोळे, कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्या, आणि तिसरी वाट पायांतून, म्हणजे तळव्याची त्वचा, घोट्याचे सांधे, स्नायू. मेंदू या तिन्ही बातम्या सतत जुळवून बघतो. एक वाट बंद झाली तरी उरलेल्या दोन सांभाळून घेतात. आजींची तिसरी वाट मधुमेहाने कधीच बंद पाडली आहे. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू त्यांच्या अंगठ्याला टेकवला, तर त्यांना समजतच नाही. सगळी भिस्त डोळ्यांवर, आणि डोळे मिटले की उरतो तो एकटा कान, तोही पंचाहत्तरीचा.

बेसिनपाशी साबण लावून तोंड धुताना "पुढे गेल्यासारखं होतं" हे त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. घरात सगळ्यांनी तो अशक्तपणा समजून शेंगदाण्याचे लाडू करून दिले. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या मोरित्झ रोंबेर्ग यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांमध्ये नेमकी हीच गोष्ट टिपली होती: अंधारात किंवा डोळे मिटल्यावर ही माणसं झोकांड्या खातात. आजही ती तपासणी त्यांच्याच नावाने होते. पायांना मुंग्या येतात किंवा ते बधिर होतात असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, तोंड धुताना काय होतं? एवढा एक प्रश्न घरोघरी विचारला गेला, तर कितीतरी खुबे मोडायचे वाचतील असं मला मनापासून वाटतं.

आजी पडल्या त्या रात्री बाथरूमला जाताना. कुणाची झोपमोड नको म्हणून दिवा लावला नव्हता. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पूर्ण भार द्यायला सर्जननी परवानगी दिली, तरीही आजी पलंग सोडेनात. हाड जुळतं, भीती राहते. भीतीने माणूस बसून राहतो आणि बसून राहिल्याने मांड्या, पोटऱ्या, घोटे जे काही करू शकत होते तेही विसरतात. पडायचा धोका बघायची एक साधी चाचणी असते: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका धरतात. आजींना तीसच्या वर लागले होते.

घरातली माणसं फार प्रेमळ आहेत आणि माझी रोजची झटापट त्याच प्रेमाशी आहे. मुलगा एका काखेत, सून दुसऱ्या काखेत हात घालून चालवतात. तसं धरलं की भार धरणाऱ्याच्या अंगावर जातो आणि घोट्यांना कामच उरत नाही. तोल सावरायची शरीराची पद्धत ठरलेली आहे: थोडं डुललं की घोटा सावरतो, जास्त डुललं की कमर, त्याहून जास्त गेलं की पाऊल पुढे पडतं. ते पाऊल वेळेवर पडलं नाही की माणूस पडतो. तोल जरासा जाऊ दिल्याशिवाय हे शिकवता येत नाही. म्हणून मी आजींना माझ्या तळहातावर रेलायला लावते आणि अवचित हात काढून घेते. पट्टा दुसऱ्या हातात असतोच. आज ऑपरेशनच्या बाजूचं पाऊल वेळेवर पुढे आलं. आजींनी स्वतःच खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "आलं की!"

मुलाला आज उभं राहायला शिकवलं. आईच्या जरा मागे, ऑपरेशनच्या बाजूला, हात दंडाला नाही, पट्ट्याला. त्याचा हात सारखा दंडाकडे जात होता. आईला त्याने फरशीवर पडलेलं पाहिलंय, मी त्याला रागावूच शकत नाही.

अजून एक. पॅसेजमध्ये सुनेने "भाजी कोणती करू?" विचारलं आणि आजी चालता चालता थांबल्या, मग उत्तर दिलं. १९९७ साली स्वीडनच्या लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं होतं: बोलायची वेळ आली की चालणं थांबवणारे वृद्ध पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडले. कारण त्यांचं चालणं आपसूक उरलेलं नसतं, सगळं लक्ष पावलांनीच खाल्लेलं असतं. आता या आठवड्यापासून चालताना नातवंडांची नावं, मग शंभरातून तीन-तीन वजा करत जायचं.

निघताना आजींना विचारलं, बरं झाल्यावर काय करायचंय? मला वाटलं देवळात जायचं म्हणतील. म्हणाल्या, "रात्री बाथरूमला जाताना कुणाला हाक मारावी लागू नये, एवढंच."

म्हणजे सराव पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंतच करायचा, आधी भर उजेडात, मग मंद दिव्यात, उंबरठ्यासकट. डोळे हीच त्यांची काठी असल्यामुळे पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा हवाच, आणि मोतीबिंदूची तपासणीही लांबली आहे ती करून घ्यायची. मघाशी मुलाला फोन करून सांगितलं की कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा उद्याच बसवून घ्या, आणि तोवर टॉवेलच्या दांडीला धरून त्यांना उठू देऊ नका, ती भार पेलणार नाही.