दारूची नोंद एकाच्याच नावावर

माझ्या धाकट्या भावाच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता आणि त्याच्या खाली एक ओळ आहे: तोंडाला दारूचा वास येतो. ओळ खरी आहे. 2022 साली पगाराच्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तो आणि नाशिकच्या एमआयडीसीतले त्याचे मित्र परमिट रूममध्ये बसले. रात्री निघताना पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीच्या आरशाला धक्का लागला. त्या गाडीची पोरंही पिऊनच होती. आईबहिणीवरून शिव्या झाल्या, कॉलर धरली गेली, एकाने जबड्यावर ठोसा मारला आणि माझा भाऊ सरळ मागे पडला. डोक्याचा मागचा भाग फुटपाथच्या कडेवर आपटला. पडल्यावर बरगड्यांत लाथाही बसल्या. सीसीटीव्हीत हे सगळं दोन मिनिटांच्या आत संपतं.

मारणारे गाडीवर बसून घरी गेले. त्यांना दवाखान्यात जायची गरज पडली नाही, त्यामुळे त्यांच्या तोंडाचा वास कुणी नोंदवला नाही. पोलीस त्यांच्या घरी पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. त्या रात्रीची दारू कागदावर आली ती फक्त मार खाणाऱ्याच्या नावावर. पुढे आम्ही ज्या ज्या टेबलासमोर उभे राहिलो, त्या प्रत्येक टेबलावर आधी ती ओळ वाचली गेली आणि मग आमच्याकडे पाहिलं गेलं. त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

मित्रांनी त्याला आधी जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. तिथे टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, उतरली की बरा होईल, घरी नेऊन झोपवा. घरी आला तेव्हा तो बोलत होता. मला म्हणाला, "ताई, गाडी कुठंय?" सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं, मग पुन्हा. उलट्या झाल्या. मग झोपला. पिऊन आलेला माणूस बरळतो, ओकतो आणि झोपतो. डोक्यात रक्तस्राव चालू असलेला माणूसही हेच करतो, आणि बाहेरून पाहून फरक कळत नाही. पहाटे आईला त्याचं घोरणं वेगळं वाटलं, घशात काही अडकल्यासारखं. हलवलं तरी उठेना. मोबाइलचा टॉर्च लावून पापण्या उघडल्या तर एक बाहुली मोठी, एक लहान. 108 ला फोन केला.

सीटी स्कॅनमध्ये कवटीला चीर, डाव्या बाजूला मेंदूवर रक्ताची गुठळी आणि मेंदूच्या पुढच्या भागाला जबर मार दिसला. मार लागला मागे आणि इजा पुढे कशी, हे मला कळेना. न्यूरोसर्जन मॅडमनी स्वतःच्या मुठीवर दाखवलं: डोकं मागे आपटतं तेव्हा आतला मेंदू हलतो आणि कवटीच्या पुढच्या खडबडीत हाडावर घासला जातो. माणसाचा राग, संयम, कुठे काय बोलावं याचं भान तो पुढचा भाग सांभाळतो. वासाच्या नसाही तिथूनच जातात. त्या वेळी हे मी फक्त ऐकलं. त्याचा अर्थ नंतर कळत गेला.

ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचं कवटीचं हाड काढून ठेवावं लागलं, कारण मेंदूला सूज होती आणि तिला जागा हवी होती. ते हाड पोटाच्या कातडीखाली ठेवलं होतं. घरी आणल्यावर त्याला बसवलं की डोक्याची डावी बाजू आत खचलेली दिसायची आणि खोकला आला की तिथली कातडी फुगायची. आई त्याला आंघोळ घालताना पोटाच्या त्या टणक जागेवरून साबण लावताना थांबायची. काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून हाड परत बसवलं. त्या मधल्या काळात त्याने पडू नये, कुठे धडकू नये, म्हणून आमच्या घरात कुणीतरी कायम जागं असायचं.

पैशांचं सांगते. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता. विमा कंपनीने केसपेपरची ती ओळ दाखवून क्लेम नाकारला. मी विचारलं, दारूमुळे त्याला कुठला आजार झालाय का? त्याला दुसऱ्याने मारलंय. उत्तर छापील आलं. आमचं रेशनकार्ड केशरी, म्हणून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पहिलं ऑपरेशन बसलं. तेव्हा त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला 1.5 लाख रुपयांचं संरक्षण होतं. हॉस्पिटलमधल्या योजनेच्या आरोग्यमित्राने रेशनकार्ड, आधार आणि एमएलसीची, म्हणजे मारहाणीच्या केसमध्ये हॉस्पिटल करतं त्या मेडिको-लीगल नोंदीची, प्रत मागितली, आणि त्याने दारूबद्दल एक शब्द विचारला नाही. त्या दिवसांत माझ्याशी सरळ बोललेला तो पहिला माणूस. बाकी खर्चासाठी भावजयीचं सोनं गेलं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी एनसी झाली, म्हणजे अदखलपात्र गुन्हा. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेची कलमं 323 आणि 504. साधी मारहाण आणि शिवीगाळ. "दोन्हीकडचे पिलेले होते" असं मला सांगण्यात आलं, जणू तेवढ्याने हिशोब बरोबर झाला. भाऊ आयसीयूत असताना समोरच्यांनीही त्याच्यावर एनसी दिली. मला कायद्यातलं काही येत नव्हतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे गेले. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तिथे कळलं. हे फार बायकांना माहीत नसतं.

वकीलबाईंनी पहिली गोष्ट विचारली ती इंज्युरी सर्टिफिकेटची. कवटीचं हाड मोडलं असेल तर कायद्याने ती गंभीर दुखापत ठरते, मग 323 चा प्रश्नच उरत नाही, 325 लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि सीटीचा रिपोर्ट जोडून मी ठाण्यात अर्ज दिला, त्याची प्रत पोलीस आयुक्तालयात दिली आणि दोन्हीकडे पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही, ही शिकवण त्यांचीच. मग एफआयआर झाला. अटक झाली, पण 325 जामीनपात्र असल्यामुळे मुलं लगेच सुटून आली. गल्लीत लोक म्हणाले, केस संपली. जामीन म्हणजे सुटका नव्हे, हे मी किती जणांना समजावलं असेल.

फुटेजसाठी मात्र धावपळ झाली. परमिट रूमचा कॅमेरा "बंद" होता. समोरच्या मेडिकल दुकानाचा चालू होता. तसल्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, जागा भरली की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. दुकानदार भला माणूस, त्याने स्वतःहून कॉपी काढून ठेवली होती. ती नुसती पेन ड्राइव्हमध्ये असून चालत नाही, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या 65 ब कलमाचं प्रमाणपत्र लागायचं. वकीलबाईंनी तपास अधिकाऱ्यांच्या मागे लागून ते करून घेतलं. पुढे कोर्टात त्या फुटेजवरच सगळं तोललं गेलं, कारण त्या रात्री सोबत असलेले दोन मित्र साक्षीला उभे राहून म्हणाले, अंधार होता, नीट दिसलं नाही. पानटपरीवाल्याने मात्र जे पाहिलं ते सांगितलं. त्याचं दुकान त्याच पोरांच्या वाटेवर आहे, तरी सांगितलं.

घरातली लढाई वेगळी होती. भाऊ सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर होता, मायक्रॉनमध्ये माप धरणारा. आता त्याला वाटी हवी असली की हात पुढे करून "ते... ते गोल" म्हणायचा आणि शब्द सापडला नाही की ताट ढकलून द्यायचा. स्पीच थेरपिस्टने चित्रांची कार्डं दिली. चार वर्षांची माझी भाची त्याच्यासोबत ती कार्डं घेऊन बसायची. शब्द हळूहळू परत आले. राग मात्र गेला नाही. पूर्वी गल्लीत भांडणं सोडवायला जाणारा हा मुलगा पंख्याच्या आवाजावरून भिंतीवर डोकं आपटायला लागला. नातेवाईक म्हणायचे, दारूने डोकं फिरलं. त्या रात्रीनंतर त्याने थेंब घेतलेला नाही. त्याचं डोकं ठोशाने आणि फुटपाथने फिरवलं, हे मी तोंडावर सांगायला लागले.

एकदा दुपारी मी त्याच्याकडे गेले तर घरात जळका धूर भरलेला, दूध उतू जाऊन भांडं काळं पडलेलं, आणि हा ओट्यापासून चार हातांवर टीव्ही बघत बसलेला. वास येतच नव्हता त्याला. कांद्याच्या फोडणीचा नाही, गॅसचा नाही, लेकीच्या केसांच्या तेलाचाही नाही. डॉक्टर म्हणाले, आता येईलसं वाटत नाही. आम्ही गॅस गळती कळवणारा अलार्म बसवला. पुढे फिट यायला लागल्या. फिट येणाऱ्या माणसाला मशीनवर उभं करता येत नाही, दुचाकीही बंद. कंपनीने त्याचा हिशोब करून दिला.

तडजोडीचा दबाव सुरुवातीपासून होता. 325 कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, आणि ते मिटवण्याचा अधिकार जखमी माणसाचा असतो. त्यामुळे समोरचे आमच्याकडे न येता थेट भावाकडे आले. भावजय कामावर गेलेली, आई देवळात, आणि ठोसा मारणाऱ्याचा मामा टाइप केलेला स्टॅम्प पेपर घेऊन दारात. भावाने तो कागद हातात घेतला, बराच वेळ वाचला, आणि म्हणाला, "ताईला येऊ द्या." जेवणाआधी गोळी घेतली की नाही हे ज्याला आठवत नव्हतं, त्याने एवढं सांभाळलं. मामा पुन्हा दिसला नाही.

मग त्या मुलाची आई आली. एकटी, चालत. मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. चारित्र्य पडताळणीत चालू खटला दाखवावा लागतो, त्यामुळे सगळं अडकलं होतं. ती म्हणाली, "ताई, तो वाईट नाही हो, प्यायला होता." मी तिला पाणी दिलं. तिच्या मुलाची दारू ही त्याच्यासाठी सबब आणि माझ्या भावाची दारू हा त्याच्यावरचा डाग, हे मला मान्य होणार नव्हतं आणि मी ते तिला सांगितलं. कायदाही हेच म्हणतो: आपल्या मर्जीने प्यायलेल्याला नशेची सबब सांगून सुटता येत नाही. तिचं वाईट वाटलं, आजही वाटतं. बावीस वर्षांचं पोरगं. पण तडजोडीत जी रक्कम ते म्हणत होते तिच्यात दुसऱ्या ऑपरेशनचा खर्चसुद्धा निघत नव्हता. आम्ही तिघी आणि तो असे बसून बोललो. निर्णय त्याने घेतला. केस चालवायची.

उलटतपासणीच्या दिवशी बचावाच्या वकिलांचा पहिला प्रश्न मला माहीतच होता. "तुम्ही त्या दिवशी किती दारू प्यायला होतात?" सरकारी वकिलांनी त्याला एवढंच सांगून ठेवलं होतं की आठवतं तेवढं बोल, आठवत नाही ते आठवत नाही म्हण. त्याला त्या रात्रीचं काहीच आठवत नाही. तो म्हणाला, "प्यायलो होतो. किती ते आठवत नाही. मला का मारलं तेही आठवत नाही." वकीलसाहेब पुढच्या कागदाकडे वळले. डॉक्टरांच्या साक्षीत मूळ सीटी फिल्म लागली. ती आम्ही घडी न घालता, उन्हापासून दूर, पलंगाखाली सपाट ठेवली होती म्हणून शाबूत होती. डॉक्टरांना विचारलं गेलं, ही इजा दारू पिऊन नुसतं पडल्यानेही होऊ शकते का? ते म्हणाले, डोक्याची होऊ शकते, पण जबड्यावरच्या ठोशाची खूण पडून होत नाही. ती खूण एमएलसीत, त्याच पानावर, वासाच्या ओळीच्या खाली लिहिलेली होती.

आता आरोपींचे जबाब आणि युक्तिवाद बाकी आहेत. शिक्षा होईल की नाही मला माहीत नाही. राज्याची पीडित नुकसानभरपाई योजना आहे, 2014 पासूनची. आरोपी निर्दोष सुटले तरी पीडिताच्या पुनर्वसनासाठी कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं. त्यासाठी लागणारी बिलं, डिस्चार्ज कार्डं, फिटच्या गोळ्यांच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून मी वकीलबाईंकडे दिल्या आहेत. भाऊ एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळतो. बोल्टांचे डबे, आवक-जावक, सगळं वहीत लिहितो, कारण डोक्यात राहत नाही. पगार पूर्वीच्या निम्म्याहून कमी.

गल्लीतून, ओळखीतून आता मला रात्री-अपरात्री फोन येतात. पोराची मारामारी झाली, पिलेला आहे, काय करू? मी आधी विचारते: डोकं आपटलं का, उलटी झाली का, तेच तेच विचारतोय का, उठवलं की नीट उठतोय का, नाकाकानातून पाणी-रक्त येतंय का? यातलं काहीही असलं तर झोपवू नका, सीटीची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या. तिथे एमएलसी करायला सांगा आणि अंगावरची प्रत्येक खूण, छोटीसुद्धा, लिहून घ्यायला लावा. दारूची ओळ ते आपसूक लिहितील.