भांडणाची खबर आधी पोरांना लागते

शाळेतलं भांडण मास्तरांना कळतं तेव्हा शर्टाची बटणं तुटून झालेली असतात. पोरांना ते आदल्या रात्रीच ठाऊक असतं, कारण 'उद्या स्टँडवर ये' असा स्टेटस पडलेला असतो. म्हणून बीड जिल्ह्यातल्या आमच्या प्रशालेत भांडणं रोखायला पोरांनाच हाताशी धरायचं ठरलं. कल्पना माझी नव्हे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात २०१४ पासून गावातलीच मुलं 'साथिया', म्हणजे बरोबरीच्या पोरांना समजावणारे सोबती, म्हणून निवडतात, आणि त्यांच्या विषयांत पोषण, व्यसन यांच्या जोडीला हिंसाही आहे.

खरी ओढाताण झाली निवडीवरून. मुख्याध्यापकांना शिस्तीची, मार्कांची मुलं हवी होती. मी आठवी-नववीत चिठ्ठ्या वाटल्या : 'कुणी त्रास दिला तर वर्गात आधी कुणाला सांगशील?' मॉनिटरच्या वाट्याला जेमतेम आल्या. ढिगानं आल्या त्या शेवटच्या बाकावरच्या, स्वतःच मारामाऱ्यांत गाजलेल्या पोराला. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देता का?" सर म्हणाले. दिल्या. पोरं ज्याचं ऐकतात त्यालाच वगळून हे काम कसं व्हायचं?

पालकसभेत एक आई उठली. "सर, लेकरू भांडण सोडवायला जाईल अन् तेच मार खाऊन येईल." भीती रास्तच. मग पहिला नियम केला : मधे पडायचं नाही. जमलेली पोरं पांगवायची. बघे नसले की निम्म्या भांडणातला दम जातो. चाकू-कोयत्याची भाषा, जीव द्यायची गोष्ट किंवा कुणी अंगाला हात लावल्याचं कानावर आलं तर दोस्तीखातर पोटात ठेवायचं नाही, तडक शिक्षकांना सांगायचं. लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना देणं पॉक्सो कायद्यानं आम्हाला बंधनकारक आहे, हेही आधीच सांगून टाकलं. नाहीतर पुढं सरांनी चुगली केली असं व्हायचं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून घेतला.

शनिवारी तालीम. भाषण नाही, नक्कल. जागा एसटी स्टँड, आणि वाक्य एकच : "काय बघालास रे?" आमच्याकडच्या निम्म्या मारामाऱ्या इथूनच सुरू होतात. वर्गानं सुचवलेलं प्रत्येक उत्तर आगीत तेल ओतणारं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा म्हणाला, "तुझी चप्पल बघालोय. कितीला घेतलास?" समोरचा दात काढून हसला. कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत मला हे मिळालं नसतं.

मुलींना मात्र हे पटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. घराच्या वाटेवर मोटरसायकल मागं लागते तिथं विनोद काय कामाचा? ते पोरांवर सोडायचं कामच नव्हे. ते मॅडमनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं हातात घेतलं.

दसरा झाला आणि गटातली काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. शिकवलेलं सगळं त्यांच्याबरोबर फडात. यंदा म्हणून जोड्या लावल्यात : एक जाणारा असेल तर दुसरा आजीपाशी गावातच राहणारा. मारामाऱ्या थांबल्या म्हणाल तर नाही. पण आता मधल्या सुट्टीच्या आधी कुणीतरी दारात येऊन म्हणतं, "सर, आज स्टँडवर चला जरा."